कुर्डुवाडी जंक्शन: गेजच्या तुटीवर वाढलेलं स्टेशन

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्याचं ठाणं माढ्याला, पण बाजारपेठ आणि वर्दळ कुर्डुवाडीला. हे उलटं गणित रेल्वेने घातलं. पण नुसतं रेल्वे आली म्हणून गाव वाढलं, एवढं सांगून भागत नाही. मुंबई-सोलापूर मेन लाईनवर स्टेशनं पुष्कळ होती, ती सगळी काही वाढली नाहीत. कुर्डुवाडी वाढली, कारण इथे दोन वेगळ्या मापांचे रूळ एकमेकांना भेटत होते आणि प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ, प्रत्येक प्रवासी इथे उतरून दुसऱ्या गाडीत चढत होता. १८९७ पासून २००८ पर्यंत हे चाललं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर; ते जिथे बदलतं आणि गाडी पुढे जाऊ शकत नाही, ती गेजची तूट. ही तूट कशी तयार झाली, ती कुणाला परवडली, ती बुजवायला इतका वेळ का लागला आणि बुजल्यावर स्टेशनचं काय झालं, हे या प्रकरणात पाहू.

पार्श्वभूमी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, म्हणजे जीआयपीचं, काम पुण्याच्या पुढे भीमेच्या खोऱ्यातून सरकत होतं. १८५८ मध्ये गाडी दिक्साळपर्यंत गेली, १८५९ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आणि १८६० मध्ये मोहोळमार्गे सोलापूरला पोचली. इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. बोरघाटातला मार्ग सुरू झाला १८६३ मध्ये. म्हणजे कुर्डुवाडीला गाडी आली तेव्हा मुंबईपासून सलग रेल्वे नव्हतीच. घाटाखाली माल उतरायचा, गाड्यांवरून खंडाळ्याला चढायचा आणि पुन्हा डब्यात भरायचा. या मार्गाला मालबदली काही नवी नव्हती. फरक इतकाच, की घाटातली मालबदली चार-पाच वर्षांत संपली आणि कुर्डुवाडीची शतकभर टिकली.

स्टेशनचं नाव ‘बार्शी रोड’ ठेवलं होतं, कारण या ठिकाणाला महत्त्व होतं ते बार्शीमुळे. बार्शी ही कापूस, गळिताची धान्यं आणि डाळींची मोठी पेठ. बालाघाटाच्या पायथ्याला वसलेली, तीन बाजूंनी निजामाचा मुलूख आणि पेठ मात्र इंग्रजी अंमलाखाली. मराठवाड्यातला माल घाट उतरून बार्शीत यायचा आणि तिथून मुंबईची वाट धरायचा. तरीही मेन लाईन बार्शीला गेली नाही. जीआयपीला गाठायचं होतं रायचूर, पुढे मद्रासच्या रुळांना जोडून घ्यायला. ती भेट १८७१ मध्ये झाली. भीमेच्या खोऱ्यातली सपाट जमीन सोडून घाटाच्या पायथ्याला वळसा घालायचा, तर अंतर आणि खर्च दोन्ही वाढणार होते. लांबच्या पल्ल्याची लाईन आखताना असंच होतं. मधली पेठ कितीही मोठी असो, तिच्यासाठी मार्ग वाकवत नाहीत.

अडचण

बार्शी ते बार्शी रोड हे अंतर २१ मैलांचं, म्हणजे ३४ किलोमीटरच्या आसपास. आज अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण लादलेली बैलगाडी दिवसाला वीसएक किलोमीटर जाते. म्हणजे एका बाजूला दोन दिवस आणि परतीचे धरून चार. एका गाडीत सरासरी दहा क्विंटल धरले, तर ब्रॉडगेजचा, म्हणजे मेन लाईनच्या रुंद रुळांवरचा, एक डबा भरायला वीस-बावीस गाड्या लागणार. त्यात वाट काळ्या मातीची. पाऊस पडला की चाकं आसापर्यंत रुततात. सुगीच्या तोंडावर बैल शेतात अडकलेले, म्हणून भाडी चढलेली. बाजार तेजीत असला तरी माल वेळेवर स्टेशनला पोचेल याची खात्री नाही. मुंबईपर्यंतच्या शेकडो किलोमीटरच्या रेल्वेपेक्षा व्यापाऱ्याला या ३४ किलोमीटरची चिंता जास्त असायची.

समोर असलेले पर्याय

त्या काळात हिंदुस्थानात चार मापांचे रूळ पडत होते आणि बार्शीसाठी चौघांचाही विचार करता येण्यासारखा होता.

ब्रॉडगेज, म्हणजे ५ फूट ६ इंच (१६७६ मिलिमीटर). मालबदली टळते, हा मोठा फायदा. पण त्याला रुंद भराव, जड रूळ, मोठे पूल लागतात. ३४ किलोमीटरच्या फाट्यावर मिळणाऱ्या भाड्यातून हा खर्च भरून निघणं अवघड.

मीटरगेज, म्हणजे १ मीटर. दक्षिण महाराष्ट्रात, मिरजेकडे, पुढे हेच माप आलं. पण बार्शी रोडला ते घेतलं तर मालबदली आहेच, आणि त्याहून अरुंद अशा नॅरोगेजइतकी बचतही नाही. दोन्हीकडून तोटा.

२ फूट (६१० मिलिमीटर). दार्जिलिंगला १८८१ मध्ये हेच माप वापरलं. कड्याकपारीतून वळणं घेत जायला उत्तम. पण सपाटीवर कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती ओढायची, तर डबा लहान पडतो.

२ फूट ६ इंच (७६२ मिलिमीटर). एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने हे माप धरून ठेवलं. तो १८८२ पासून जीआयपीत होता, १८८७ पासून त्याने बार्शीच्या लाईनसाठी बोलणी लावली आणि लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदली गेली १८९५ मध्ये. ३४ किलोमीटरच्या फाट्यासाठी आठ वर्षं परवानग्या आणि भांडवलात गेली.

पहिला निर्णय: धुरी पाच टनांची

कॅलथ्रॉपचं खरं काम गेज निवडण्यात नाही, धुरीवरच्या, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या आसावरच्या, वजनात आहे. बार्शी लाईटचं नाव जगभरच्या नॅरोगेजच्या इतिहासात आजही घेतलं जातं ते याच कारणाने, म्हणून इथे जरा थांबू.

रुळाला वजन जाणवतं ते चाकाखाली, पूर्ण गाडीचं एकदम नव्हे. हलक्या लाईनींवर नेहमीची चूक ही, की डबे तीन टनांच्या धुरीचे आणि इंजिन आठ टनांच्या. मग रूळ, स्लीपर, पूल सगळं त्या एका इंजिनाच्या मापाने करावं लागतं आणि मागच्या तीस-चाळीस डब्यांखाली ती ताकद वाया जाते. कॅलथ्रॉपने नियम घातला, की इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, एका धुरीवर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये, आणि मालडबा मात्र त्या मर्यादेपर्यंत पुरेपूर भरता आला पाहिजे. मग दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचे रूळ पुरले. मेन लाईनवर आज ६० किलोचे रूळ असतात.

हे साधायला डबे चार धुऱ्यांचे, बोगीवर, म्हणजे दोन धुऱ्यांच्या फिरत्या गाड्यावर, बसवलेले करावे लागले आणि त्यांचे सांगाडे दाबून वाकवलेल्या पोलादी पत्र्याचे केले. वजन कमी, ताकद तीच. इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीची, ०-८-४ मांडणीची: जोडलेली चाकं आठ, म्हणजे चार धुऱ्या, आणि मागे भार घेणाऱ्या आणखी दोन धुऱ्या. चार धुऱ्यांवर वीस टन, आणि ओढायची ताकद ठरते ती या वीस टनांवर. हिंदुस्थानात आणण्याआधी ही गाडी लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून तपासून घेतली होती.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. दोन दिवसांची बैलगाडीची वाट काही तासांवर आली. आणि त्याच दिवसापासून कुर्डुवाडीत गेजची तूट सुरू झाली.

तुटीचं रोजचं गणित

चार धुऱ्या गुणिले पाच टन, म्हणजे नॅरोगेजच्या भरलेल्या डब्याचं एकूण वजन वीस टन. त्यातून डब्याचं स्वतःचं सहा-सात टन वजा केलं, की माल उरतो तेरा-चौदा टन. ब्रॉडगेजच्या जुन्या चार चाकी बंद वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, वीस-बावीस टन मावायचा. म्हणजे दोन ब्रॉडगेज वाघिणींना तीन नॅरोगेज डबे, आणि तरी दोन-चार टन शिल्लक. ही शिल्लक फार त्रासदायक. ती शेडमध्ये पडून राहते, पुढच्या डब्यात दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या मालासोबत जाते, आणि बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) पोती २२० असली तरी बार्शीला आज २०५ आणि परवा १५ उतरतात. भांडणं इथेच लागतात.

२२० पोती उचलायला सहा हमालांची टोळी लावली आणि एका खेपेला दोन मिनिटं धरली, तर एका वाघिणीला सव्वा तास. हे कागदावरचं. प्रत्यक्षात पोत्याची शिवण उसवते, आकड्याने गोणपाट फाटतं, धान्य सांडतं आणि ते गोळा करून वजन जुळवावं लागतं. कापसाची दाबलेली गाठ सुमारे १७० किलोची. ती डोक्यावरून जात नाही, दोघा-तिघांनी लोळवत न्यावी लागते. शिवाय कापूस आणि कोळशाचं इंजिन शेजारी शेजारी नको, कारण एक ठिणगी पुरते. मिठाची आणि सिमेंटची पोती पावसात उघड्यावर राहिली की संपली.

अशा शेडची बांधणी नीट झाली तर निम्मा त्रास वाचतो. मधे ओटा, एका अंगाला ब्रॉडगेजचा रूळ, दुसऱ्या अंगाला नॅरोगेजचा. पण ब्रॉडगेज वाघिणीचा तळ रुळापासून सव्वा मीटरच्या आसपास उंच, आणि नॅरोगेजचा त्याहून बराच खाली. दोन्ही रूळ एकाच पातळीवर टाकले, तर एका बाजूला हमालाला चढ चढावा लागतो किंवा फळ्या टाकून उतार करावा लागतो. पावसाळ्यात त्या ओल्या फळीवरून शंभर किलो घेऊन चालणं म्हणजे पाय मोडून घेण्याचं काम. म्हणून नॅरोगेजचा रूळ भराव घालून उंच घ्यायचा, म्हणजे दोन्ही तळ ओट्याशी समान येतात. छपराची पागोळी दोन्ही डब्यांच्या पलीकडे पडेल इतकी लांब हवी.

यार्डाची खरी परीक्षा सुगीत. लातूर-बार्शीकडून भरलेले नॅरोगेज डबे आले आणि ब्रॉडगेजच्या रिकाम्या वाघिणी आल्याच नाहीत, तर नॅरोगेजचं यार्ड तुंबतं. डबे इथे अडकले की लातूरला भरायला डबे नाहीत. दोन रेल्वेंचे दोन हिशेब, दोन कंट्रोल, आणि एकाच्या उशिराचा दंड दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला. कुर्डुवाडीत हमाल, मापाडी, अडते, हॉटेलवाले, लॉजवाले जगले ते या खोळंब्यावर. गाडी चुकलेला प्रवासी रात्र काढायचा कुठे? इथेच.

कॅलथ्रॉपला मालबदलीचा प्रश्न कळत नव्हता असं नाही. इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या त्याच मापाच्या लाईनीवर १९०४ मध्ये त्याने मोठ्या गेजची वाघिण जशीच्या तशी नॅरोगेजच्या वाहक डब्यावर चढवून नेण्याची सोय केली. बार्शीला ती चालली असती का? हिशेब केला तर अवघड वाटतं. भरलेली ब्रॉडगेज वाघिण तीस टनांच्या पुढे, त्यात वाहक डब्याचं वजन मिळवलं तर पाच टनांच्या मर्यादेत राहायला आठेक धुऱ्या लागतील. त्यात आपलं ब्रॉडगेज इंग्लंडच्या गेजपेक्षा रुंद, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर हा डोलारा वळणावर कलणार. हमालांची टोळी त्याहून स्वस्त होती.

विस्तार: एका फाट्याचं जंक्शन

१९०६ मध्ये बार्शी लाईट कुर्डुवाडीतून दुसऱ्या अंगाने पंढरपूरला गेली. १९११ मध्ये बार्शीपलीकडचा रामलिंगचा घाट चढून ती लातूरला पोचली. १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला. एकूण २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर. कुर्डुवाडी आता एका फाट्याचं टोक राहिली नव्हती. नॅरोगेजच्या दोन्ही भुजा इथे मिळत होत्या आणि त्यांच्या मधून मेन लाईन जात होती. दुरुस्तीचा कारखानाही इथेच आला.

या विस्तारात दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींचा हिशेब सुरुवातीला कुणी मांडला नसावा.

पहिली, बार्शीचं महत्त्व कमी झालं. फाटा बार्शीला संपत होता तोवर घाटावरचा सगळा माल बार्शीच्या पेठेत उतरायचा. लाईन लातूरला जाताच तो माल लातूरच्या गंजपेठेत भरला जाऊ लागला आणि बार्शीवरून नुसता पुढे निघाला. शेवटचं स्टेशन असणं ही पेठेची मोठी पुंजी असते. बार्शीच्या नावाने सुरू झालेल्या रेल्वेने लातूर घडवलं.

दुसरी, वारी. पंढरपूरची लाईन मालासाठी बेताची आणि माणसांसाठी अफाट. आषाढी-कार्तिकीला मेन लाईनवरून आलेला वारकरी कुर्डुवाडीला उतरणार आणि छोट्या गाडीत चढणार. ब्रॉडगेजची एक भरलेली गाडी रिकामी करायला नॅरोगेजच्या अनेक गाड्या लागतात. त्या काळी यात्रांच्या दिवसांत देशभरच्या रेल्वेंवर माणसांना मालडब्यांतून नेत असत, ते याच टंचाईमुळे. वारी संपल्यावर हाच लोंढा उलटा, आणि तोही एक-दोन दिवसांत. स्टेशनची पाण्याची सोय, संडास, फलाटाची लांबी वर्षाच्या सरासरीने ठरवली तर वारीत कोसळते आणि वारीच्या मापाने ठरवली तर एरवी ओस पडते. पंढरपूरशी जोडलेल्या प्रत्येक स्टेशनला हा पेच आजही आहे.

दुसरा निर्णय: तूट कधी बुजवायची

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाईट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. तोवर खाजगी कंपनी आणि सरकारी मेन लाईन असे दोन मालक होते. आता मालक एक झाला. गेज बदलायचा विचार करण्याची खरी वेळ ही होती. तो बदल व्हायला पुढे जवळपास पन्नास वर्षं लागली.

मधल्या काळात रस्ते सुधारले आणि ट्रक आले. लातूरच्या आडतीवर भरलेला ट्रक थेट मुंबईच्या गोदामात रिकामा होतो. मधे कुणी हात लावत नाही, पोतं फुटत नाही, मोजणी दोनदाच. त्यापुढे मालबदलीवाली रेल्वे भाड्याने स्वस्त असूनही टिकेना. माल गेला की गाड्या कमी होतात, गाड्या कमी झाल्या की प्रवासी एसटी धरतो आणि मग ‘या लाईनीला उत्पन्नच नाही’ असं सांगून गेज बदल पुढे ढकलता येतो. पुणे-मिरज मीटरगेजचं ब्रॉडगेज १९७१ मध्ये झालं. त्यानंतर मिरजेला काही काळ तिन्ही गेज एका यार्डात होते. रेल्वेच्या अभ्यासकांना त्याचं कौतुक, पण मिरजेच्या मालवाल्यांना ती तिहेरी डोकेदुखी. माझ्या मते बार्शी लाईटचं रूपांतर याच सुमारास, मिरज आणि कुर्डुवाडी अशा दोन्ही टोकांना ब्रॉडगेज हाताशी असताना, हाती घ्यायला हवं होतं.

सगळ्या देशाला एकच गेज हे धोरण १९९२ मध्ये आलं आणि मग पैसे सुटू लागले. गेज बदलणं म्हणजे रूळ लांब सरकवणं नव्हे. नॅरोगेजचा स्लीपर दीड मीटरचा, ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर २.७५ मीटरचा. त्यामुळे भराव रुंद करायचा, आणि जुन्या भरावाला नवी माती नुसती चिकटवली तर पहिल्या पावसाळ्यात सुटते. पायऱ्या कापून, थर देऊन दाबावी लागते. धुरीचा भार पाचाचा वीस टन होणार, म्हणजे जुना पूल ठेवण्यात अर्थ नाही. नॅरोगेजची तीव्र वळणं ब्रॉडगेजला चालत नाहीत, घाटाचा चढ सौम्य करावा लागतो. म्हणजे नव्याने आखणी आलीच.

या नव्या आखणीत एक निर्णय फार चांगला झाला. जुनी लाईन तेव्हाच्या उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, जातच नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण आणि रेल्वे पकडायला येडशी गाठायची. रूपांतर करताना मार्ग वाकवून धाराशिव घेतलं. अंतर वाढलं, खर्च वाढला, पण जवळपास दीडशे वर्षांपूर्वी बार्शीच्या वाट्याला जे आलं ते धाराशिवच्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

क्रम मात्र असा लागला: कुर्डुवाडी-पंढरपूर २००१ मध्ये, लातूर-उस्मानाबाद २००७ मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ मध्ये आणि पंढरपूर-मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. २००१ नंतर तूट संपली नाही, ती पंढरपूरला सरकली. मिरज-पंढरपूरचा नॅरोगेज तुकडा बेटासारखा एकटा पडला. त्याची इंजिनं आणि डबे दुरुस्तीला कुर्डुवाडीला न्यायचे, तर ब्रॉडगेजच्या वाघिणीवर चढवूनच. सांगोला-कवठेमहांकाळच्या बाजूचा प्रवासी आधी कुर्डुवाडीला गाडी बदलायचा, तो आता पंढरपूरला बदलू लागला.

परिणाम

रूपांतराने काय साधलं याचा चोख पुरावा २०१६ च्या उन्हाळ्यात मिळाला. मांजरा धरण आटलं आणि लातूरला प्यायला पाणी उरलं नाही. मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने न्यायचं ठरलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली: दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांची, २५ लाख लिटरची गाडी सुरू झाली. ऑगस्टपर्यंत १११ फेऱ्यांत २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी गेलं. मार्ग ३४२ किलोमीटरचा: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. म्हणजे जुन्या बार्शी लाईटचं एक टोक ते दुसरं टोक.

एका टाकीत ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी. टाकीच्या वजनासह एका धुरीवर १९ टनांच्या घरात भार. पाच टनांच्या धुरीची गाडी असती तर एका टाकीला चार डबे, पन्नास टाक्यांना दोनशे. ते एका गाडीला जोडून घाट चढवणं शक्य नव्हतं. आणि पाणी निम्म्या वाटेवर बदलायचं असतं तर योजना कागदावरच राहिली असती. लातूरजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहू शकला, तोही ब्रॉडगेजमुळेच.

ही पाण्याची गाडी कुर्डुवाडीवरून गेली, पण तिथे तिच्यावर कुणाला काही काम नव्हतं. मालबदलीची टोळी, त्यावरचे अडते, रात्रीची हॉटेलं यांचा धंदा २००८ मध्येच संपत आला होता. स्टेशन जंक्शन राहिलं, गाड्या वाढल्या, पंढरपूर-लातूरची जोड थेट झाली. पण उतरून चढणारा माणूस कमी झाला. कारखाना मात्र टिकला. माथेरानच्या छोट्या गाडीची इंजिनं आणि डबे मोठ्या दुरुस्तीला इथेच येतात, कारण ७६२ असो की ६१०, नॅरोगेजचं काम हाताला माहीत असलेली माणसं इथे होती. पिढ्यांच्या कौशल्याचा एवढा उपयोग तरी झाला, याचं समाधान आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. पंढरपूर-मिरज आणि कुर्डुवाडी-पंढरपूर एकाच हप्त्यात घेतले असते, तर बेट तयार झालं नसतं. तुकड्यातुकड्यांनी गेज बदलताना नियम सोपा आहे: उरलेल्या जुन्या गेजचा कारखान्याशी संबंध शेवटपर्यंत तुटू द्यायचा नाही. पैसे मिळतील तसा तुकडा घेतला की हा नियम मोडतो.

१८९७ मध्येही एक पर्याय होता. रूळ हलके ठेवायचे, पण पुलांचे पाये आणि जमीन मोठ्या गेजच्या मापाने घ्यायची. तेव्हाच्या भांडवलात ते बसलं असतं का, याबद्दल शंका आहे. जमिनीपुरतं तरी बसलं असतं. फाट्याची लाईन आखताना रूळ नंतर बदलता येतात, पण पट्टा अरुंद घेतला तर पुढच्या पिढीला पुन्हा भूसंपादनातून जावं लागतं.

रूळ उखडण्याआधी यार्डाचे नकाशे, शेडची मापं, सिग्नलची रचना, जुन्या कामगारांकडची माहिती पद्धतशीर जमवायला हवी होती. दार्जिलिंग आणि माथेरानचं कौतुक झालं कारण त्या डोंगरातल्या, देखण्या लाईनी. बार्शी लाईट सपाटीवरची, धान्याची. पण इंजिनियरिंगच्या अंगाने ती त्यांच्याहून जास्त अभ्यासण्याजोगी आहे. रामलिंगच्या घाटातला जुन्या मार्गाचा चार-पाच किलोमीटरचा तुकडा रूळांसकट राखता आला असता आणि त्याच्या देखभालीला कारखाना जवळच होता.

राहिला आजचा प्रश्न. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या नव्या लाईनीची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली. ती सुरू झाली की सोलापूर-लातूर गाडीला कुर्डुवाडीला यायची गरज उरणार नाही आणि धाराशिव जंक्शन होईल. कुर्डुवाडीच्या हाती त्याआधी मोजकी वर्षं आहेत. माढा आणि करमाळा हा उसाचा आणि केळीचा टापू, साखर कारखाने हाकेच्या अंतरावर. साखर, खत, सिमेंट यांचे पूर्ण रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, भरता-उतरवता येतील असा लांब सायडिंग (बाजूचा रूळ), पक्का ओटा, ट्रक वळवायला मोकळी जागा आणि जवळ शीतगृह, एवढं नॅरोगेजच्या मोकळ्या झालेल्या यार्डात बसवता येईल का, याची मोजणी आत्ता व्हायला हवी. त्या जागेवर एकदा पार्किंग आणि गाळे उभे राहिले, की ती पुन्हा रेल्वेच्या कामाला मिळत नाही.